विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास आला तर?

सकाळी बादली वर ओढली आणि पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग दिसला, तर आपण काय करतो? बहुतेक जण पाणी फेकतात, दोन दिवस मोटर लावून विहीर उपसतात आणि गप्प बसतात. वाचकहो, नेमकं हेच करू नका.

गोव्यात, वास्कोजवळच्या दाबोळी परिसरात जानेवारी २०२४ मध्ये एका विहिरीनं पेट घेतला. पाण्यात इंधन उतरलं होतं. बंदराकडून साठ्याकडे जाणारी जमिनीखालची इंधनवाहिनी गळत होती. आपल्या जिल्ह्यात बंदर नाही, पण वर्धा, सेलू, हिंगणघाट, कारंजा, कुठल्याही रस्त्यानं जा, पेट्रोल पंप दिसतोच. त्याच्या फरशीखाली टाक्या पुरलेल्या असतात. लोखंड ओल्या मातीत गंजतं, नळ्यांचे सांधे सैल होतात. अमेरिकेत १९८४ पासून अशा टाक्यांची ५ लाखांवर गळती नोंदली गेली, म्हणजे हे काही नवलाचं नाही.

आपला भाग काळ्या पाषाणाचा. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक. पाणी याच भेगांतून विहिरीच्या झऱ्याला येतं आणि गळलेलं इंधनही त्याच वाटेनं. म्हणून पंपाला लागून असलेली विहीर चांगली राहते अन् दोन धुरे पलीकडच्या वावरातली बिघडते, असंही होऊ शकतं. नव्या पंपांनी शाळा, दवाखाने, वस्तीपासून ५० मीटर अंतर ठेवावं असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं. खडकातल्या भेगेला त्याचं काय!

पेट्रोल पाण्याहून हलकं, ते वर तरंगतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मुरमाला चिकटून राहतं आणि पावसाळ्यात पातळी चढली की पुन्हा वास येतो. त्यामुळे "एप्रिलमध्ये वास गेला होता ना" म्हणून निश्चिंत होऊ नये. उपसण्याचंही तसंच. जोरात मोटर चालवली की आजूबाजूचं इंधन आपल्याच विहिरीकडे ओढलं जातं. शिवाय त्या वाफेजवळ बिडी नको, कंदील नको, मोटरची ठिणगीही नको. विहिरीत माणूस तर मुळीच उतरवू नका.

पेट्रोलमधलं बेंझिन रक्ताचा कर्करोग करतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम बेंझिन १ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. पाणी उकळून पिऊ, असा विचारही नको. त्याची वाफ स्वयंपाकघरातच भरेल. जनावरांनाही पाजू नका. नेहमीच्या तपासणीत हे सापडत नाही. पेट्रोलजन्य पदार्थांची तपासणी वेगळी मागावी लागते. नमुना काचेच्या बाटलीत, हवा न राहील असा काठोकाठ भरून, थंड ठेवून न्यावा.

तपास कसा होतो? आधी पंपाची वही. टाकीत रोज काठी घालून साठा मोजतात. तो साठा आणि मीटरवरची विक्री जुळत नसेल, आणि तफावत रोज एकाच बाजूची असेल, तर टाकीची दाबचाचणी करावी लागते. मग आसपासच्या विहिरींची पातळी मोजून पाणी कुठून कुठे वाहतं ते ठरवतात, निरीक्षणासाठी बोअर घेतात. सफाईत टाकी रिकामी करणं, भिजलेला मुरूम उकरणं, वरचं तेल काढून घेणं, पाणी उपसून कोळशाच्या गाळणीतून नेणं, इतकं तर आलंच. उरलंसुरलं जिवाणू खातात, पण त्यांना प्राणवायू लागतो आणि वेळही. वर्षं जातात.

म्हणून पहिल्या दिवशीच तारीख टाकून लेखी तक्रार द्या: तहसीलदार, भूजल सर्वेक्षण यंत्रणा, प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना. पोच घ्या. टाक्यांचे परवाने पाहणाऱ्या स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपूरलाच आहे, तिथंही एक प्रत पाठवा. राजस्थानातल्या बिछडीच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये सफाईचा खर्च त्यांच्यावरच टाकला. भरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे पाच वर्षांत अर्ज करता येतो, आणि ती पाच वर्षं नुकसानीचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून मोजतात. तक्रारीवरची तारीख तिथं कामी येते.

आणि हो, इंजिनासाठी डिझेलचा ड्रम विहिरीच्या काठावरच ठेवला असेल, तर तो आजच उचला.