भंगार कुणाचं?

कामगाराला मालक केलं की तो जीव तोडून काम करतो, हे वाक्य सहकाराच्या व्यासपीठांवर घासून गुळगुळीत झालं आहे. कागदोपत्री मालक असलेले आणि सभेला सही करण्यापुरते येणारे सभासद आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. भागाच्या दाखल्याने कुणाला हुरूप येत नाही. रोजच्या कामातलं काय आपल्या हातात आहे, हे महत्त्वाचं. पुण्याच्या ‘स्वच्छ’ संस्थेत हे फार ठळक दिसतं.

‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था. मुळं १९९३ सालच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत. हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव पाठीशी होते, एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्या वस्त्यांमधून फिरत होत्या. वेचणाऱ्या बहुतेक बायका दलित समाजातल्या. पोतं घेऊन फिरणारीला लोक चोर समजत, म्हणून सुरुवातीच्या लढ्यात ओळखपत्राला मोल होतं. पुढे २००८ साली महापालिकेशी करार झाला आणि कुंडीत हात घालणारी बाई दारावरची बेल वाजवू लागली. आज संस्थेचे सभासद तीन हजारांवर आहेत.

कामाची घडी साधी आहे. दोघी मिळून ठरावीक सोसायट्या आणि गल्ल्या करतात. ओला कचरा महापालिकेच्या गाडीत रिकामा होतो. सुका ओतला की हात चालू लागतात: पुठ्ठा एकीकडे, पाण्याच्या बाटल्या दुसरीकडे, दुधाच्या पिशव्या निराळ्या, काच-पत्रा बाजूला. हे भंगार विकून येणारा पैसा तिचा. घरटी महिन्याचं शुल्कही तीच गोळा करते. डोक्यावर मुकादम नाही, पण निवड नीट केली नाही तर भाव पडतो आणि खाडे केले तर घरवाले पैसे देताना कुरकुरतात. टनावर पैसे घेणाऱ्या ठेकेदाराला कचरा जितका जड तितका बरा. त्याने वर्गीकरण कशासाठी करावं? व्यवस्थापनाच्या वर्गांत पैसा मोठा की स्वातंत्र्य, यावर तास घेतात. इथे भंगारावरच्या हक्कात दोन्ही एकदमच मिळतात.

हा हक्क आला की तोंडही उघडतं. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडेच कचऱ्यात येत. या बायकांनी ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मागणी केली, शिवाय वापरलेले पॅड थेट उत्पादक कंपन्यांना पाठवून दिले.

स्वायत्ततेचा साचा मात्र सगळीकडे एकच नसतो. ‘लिज्जत’ घ्या. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या पावसाळ्यात वाळवण अडलं आणि काम चार महिने बंद पडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणली, खाली स्टोव्ह पेटवला आणि वर पापड पसरले. ही युक्ती कुणा सल्लागाराची नव्हे. आज तिथे पीठ एकाच मापाचं, त्यात लाटणारीला काही बदलता येत नाही. पण ती घरी लाटते, वेळ तिची, आणि ती संस्थेची भागीदार असते.

‘स्वच्छ’ची दुखरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. भरपगारी रजा नाही, पेन्शन नाही. आजारी पडलं की मिळकत बुडते. बाई आपल्या कामाची मालकीण खरी, पण करार महापालिकेच्या हाती. मुदत संपत आली की ठेकेदारांची नावं पुढे येतात आणि मोर्चे काढावे लागतात. माझ्या मते ही मालकी अर्धीच आहे, आणि उरलेली अर्धी महापालिकेने दीर्घ मुदतीचा करार करून द्यायला हवी.

वाचक पुण्याचे असतील तर त्यांना एवढंच सांगणं: ओला-सुका वेगळा द्या, पॅडवर लाल ठिपका काढा, आणि शुल्क महिन्याच्या महिन्याला, न मागता हातात ठेवा.