जहाजावरचं जादा पैशांचं जेवण घ्यावं का?

हिंगण्याहून क्रूझला जायचं तर आधी नागपूर आणि मग रात्रभराची मुंबई गाडी. एवढा खर्च झाल्यावर जेवण तरी भाड्यातच असावं, ही अपेक्षा रास्त आहे. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजावर ‘स्टारलाइट’ रेस्टॉरंट आणि फूड कोर्टचं जेवण भाड्यात येतं. ‘चॉपस्टिक्स’ रेस्टॉरंटचं बिल मात्र वेगळं.

ही प्रथा जुनीच. १९०५ च्या ‘अमेरिका’ या जर्मन जहाजावर रिट्झ-कार्लटन रेस्टॉरंटचे पैसे निराळे पडत. ‘टायटॅनिक’वर (१९१२) तर सगळी जेवणं अशाच रेस्टॉरंटात घेणार, असं आधी कळवणाऱ्याला तिकिटात सूट होती.

आमचा सल्ला: मुंबई-गोव्याच्या दोन-तीन रात्रींच्या सफरीत या फंदात पडू नका. परदेशातल्या आठवडाभराच्या सफरीत एखादी संध्याकाळ जरूर घ्यावी; शांत टेबल आणि ताजं, गरम ताट यांचेच ते पैसे असतात. शाकाहारी मंडळींनी मात्र जपावं. स्टेकहाउसमध्ये माणशी ठरावीक दर असेल, तर पनीर-भाजी खाणाराही तेवढेच मोजतो. म्हणून आधी मेनू मागवा. दर माणशी की पदार्थागणिक, कर आणि सेवाशुल्क धरून की वगळून, हेही विचारून घ्या.