खर्ऱ्याला गावाचा नकार

वर्धा शहराला खेटून असलेली नालवाडी असो की सेवाग्रामचा रस्ता, पानठेल्यावर तंबाखू मागितली जाते ती बहुधा खर्ऱ्याच्या रूपात. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन ठेलेवाला ते मिश्रण घोटतो आणि पुडी करून देतो. एक पुडी दिवसभर पुरवली जाते, चार मित्रांत वाटलीही जाते. त्यातली तंबाखू घातक आहेच, पण सुपारीही स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरली आहे. तिच्यामुळे गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते. आधी तिखट झोंबू लागतं, मग तोंड पुरतं उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात मावत नसतील, तर दंतवैद्याला दाखवायला हवं.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करत होते. धूम्रपान करणारे मात्र ३.८ टक्केच होते, म्हणजे इथला प्रश्न मुख्यतः चघळण्याचा आहे. सवय लागते तीही लवकर. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी वर्ध्याच्या ग्रामीण भागातल्या किशोरवयीनांचा अभ्यास करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आदल्या महिनाभरात तंबाखू वापरलेल्या मुलग्यांचं प्रमाण ६८.३ टक्के, तर मुलींचं १२.४ टक्के निघालं. मुलग्यांत खर्रा पुढे होता, मुलींत तंबाखूचं दंतमंजन.

कायदे आहेत. २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तिची विक्री चालत नाही. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा बंद केला. पुढे सुगंधित तंबाखूही बंदीखाली आली. पण गुटख्याच्या कारखान्याला टाळं लावता येतं, खर्रा तर ठेल्यावरच तयार होतो. विकणारा गावातलाच, शेजारचाच. त्याला रोज अडवायला सरकारी माणूस पुरणार नाही. गावानेच ठरवावं लागतं.

अशी गावाची घडी बसवण्याची परंपरा या भागाला आहे. नालवाडीत १९३० च्या दशकात विनोबा भावे राहिले, तिथून ग्रामसेवेचं काम चाललं. अलीकडच्या काळात सेवाग्रामच्या संस्थेने गावोगावी महिला बचत गट, किशोरी पंचायत आणि ग्राम समन्वय समित्या उभ्या केल्या. माता-बालकांच्या आरोग्यासाठी बांधलेली हीच साखळी तंबाखूविरोधी कामाला उपयोगी पडली. डॉक्टरांचं व्याख्यान ऐकून मुलगा विसरतो. आई, बहीण आणि सोबती एकाच वेळी टोकू लागले की पुडी काढताना हात अडखळतो.

विदर्भातलंच मोठं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ मध्ये तिथे ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखू कमी करण्याचा कार्यक्रम सुरू केला. जनजागृती, गावाचं संघटन, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसनींवर उपचार असे त्याचे चार भाग आहेत. गाव आपली समिती नेमतं, विक्री बंदीचा निर्णय घेतं आणि दुकानदारांना तो पाळायला लावतं.

असाच अनुभव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांचा आहे. एका तंबाखू कंपनीने १९९० मध्ये खास कृष्णवर्णीय ग्राहकांवर डोळा ठेवून ‘अपटाउन’ ही मेंथॉल सिगारेट फिलाडेल्फियात आणायचं ठरवलं. तिथल्या चर्चमधले धर्मगुरू, आरोग्य कार्यकर्ते आणि रहिवासी संघटना एकत्र आल्या आणि सिगारेट बाजारात येण्याआधीच कंपनीने माघार घेतली.

गावाने विक्री रोखली तरी जुनी सवय एका रात्रीत जात नाही. सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे चिडचिड होते, झोप उडते. तलफ मात्र काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायला सोबत लागते. त्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळतं. बंदी, उपचार आणि घरच्यांचा आधार या तिन्ही गोष्टी एकत्र असतील, तिथे सोडलेला खर्रा पुन्हा सुरू होण्याची शक्यता कमी राहते.