मेस बंद, बन चालू!

रविवारी संध्याकाळी साडेसातला पुण्यात भूक लागणं म्हणजे काय, हे घरी राहून कॉलेज करणाऱ्यांना सांगून कळणार नाही. दुपारी मेसमध्ये फीस्ट झालेली असते. मसालेभात, एक गुलाबजाम आणि दाराशी ती पाटी : 'रविवारी संध्याकाळी मेस बंद राहील.' फीस्टचा अंमल सहापर्यंत टिकतो. त्यानंतर उरता तुम्ही आणि फोनमधली डिलिव्हरीची ॲप्स. खाण्याचं बिल एवढं, वर डिलिव्हरी, पॅकिंग आणि आणखी कसले कसले चार्जेस. हे सगळं बघून आपण ॲप बंद करतो आणि मॅगीचं पाकीट फोडतो.

नारायण पेठेतल्या आमच्या रूमवर आम्ही तिघी होतो आणि दोन वर्षं रविवारची रात्र मॅगीचीच होती. मग बन आले. आत बटाट्याची भाजी भरलेले, मऊ, घरी भाजलेले बन. ते कसे करायचे हे आज सांगते. पहिल्या दोन खेपा साफ फसल्या, म्हणूनच सांगायचा मला हक्क आहे.

आधी एक गोंधळ मिटवू. हे पॅटिस नाही. पुण्यात नुसतं 'एक पॅटिस द्या' म्हणालात, तर काय हातात पडेल ते तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं. टपरीवर असाल तर ब्रेड पॅटिस, म्हणजे स्लाइसमध्ये बटाटा भरून बेसनात बुडवून तळलेलं. चतुर्थीला असाल तर उपवासाचं. आणि हिंदुस्थान बेकरीत किंवा आपटे रोडवर संतोष बेकरीच्या रांगेत असाल तर ते गरम, पापुद्र्याचं, शर्टावर सांडणारं. या तिसऱ्याच्या वाटेला घरी जाऊ नका, ते त्यांनीच करावं. आपला बन वेगळा. वडापावात पाव आधी भाजला जातो आणि वडा नंतर त्यात घुसतो. इथे भाजी कच्च्या पिठाच्या पोटात बसून भट्टीत जाते. दोन्ही एकत्र तापतात, त्यामुळे लसूण-मिरचीचा वास पावाच्या आतपर्यंत मुरतो. रशियात याच कल्पनेला पिरोज्की म्हणतात. जपानमध्ये आत करी भरून तळतात, तो करीपान.

'पाव' हा शब्द पोर्तुगीजांचा. पायाने मळतात म्हणून पाव, ही आजोबा लोकांची थिअरी विसरा. गोव्यात पोदेर मंडळी पूर्वी यीस्टऐवजी माडाची सूर घालून पीठ आंबवायची. पुण्यात मात्र बेकरीच्या पदार्थांनी एके काळी भलताच राडा केला होता. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी एका कार्यक्रमाला जमली आणि तिथे चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी हजर असलेल्यांची नावं पेपरात छापून आणली. मिशनऱ्यांच्या हातचं खाल्लं म्हणून गावभर गदारोळ, प्रकरण थेट शंकराचार्यांकडे आणि शेवटी प्रायश्चित्त. एका कप चहासाठी! त्याच शहरात १९३५ पासून गुडलक आहे आणि १९५५ पासून कयानीची रांग आहे.

हे सगळं इतिहासजमा झालं असं वाटत असेल, तर आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना भेटा. जिन्यातून बेकिंगचा वास खाली गेला, की वरती प्रश्न यायचा, "अगं, अंडं नाही ना त्यात?" नाही, काकू. बनमध्ये अंडं लागतच नाही. मऊपणा अंड्यातून येतो हा समज डोक्यातून काढून टाका. तो येतो पाण्यातून आणि थांबण्यातून. माझ्या पहिल्या दोन खेपा फसल्या त्या याच दोन गोष्टींवर.

पहिल्या वेळी मी मैद्यात यीस्ट घातलं आणि वर जवळजवळ उकळतं दूध ओतलं. का, तर 'कोमट' लिहिलं होतं आणि मला वाटलं, जितकं गरम तितकं लवकर. यीस्ट ही जिवंत गोष्ट आहे, एका पेशीची बुरशी. ती साखर खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते, तो वायू पिठातल्या ग्लुटेनच्या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगतं. ५५-६० अंशांच्या पुढे ती मरते. माझी सगळी जागीच गेली. दूध बोट बुडवून सहज ठेवता येईल इतकंच गरम हवं, बास. (मायक्रोबायोलॉजीवाल्यांना माहीत असेल, पाषाण रोडच्या एनसीएलमध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे यीस्टचे प्रकार लायब्ररीतल्या पुस्तकांसारखे जपून ठेवतात. आपल्याला मोठ्या किराणा दुकानातली इन्स्टंट यीस्टची पुडी पुरते. फोडली की घट्ट बंद करून फ्रिजमध्ये.)

दुसरी खेप जानेवारीतली. रेसिपीत लिहिलं होतं, 'एक तास झाकून ठेवा.' मी घड्याळ लावून एक तास ठेवलं. पीठ हललंसुद्धा नाही. भूक लागली होती, तसंच भाजलं. जे बाहेर आलं ते बघून एक रूममेट म्हणाली, "याने भिंतीत खिळा ठोकू या का? कॅलेंडर लावायचंय." पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा दहा-बाराला येतो आणि एप्रिल-मेच्या दुपारी चाळिशीला टेकतो. दोन्ही वेळी एक तास म्हणजे एकच गोष्ट कशी असेल? घड्याळ नका बघू, पीठ बघा. ते दुप्पट झालं की झालं. मेमध्ये पाऊण तासात होतं, थंडीत दोन-अडीच तास घेतं. फार गारठा असेल तर बंद ओव्हनमध्ये किंवा कपाटात गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी पीठ ठेवा. आणि बाकीचा वेळ? पुण्यात दुपारी एक ते चार काय करतात, हे मी सांगायला हवं का?

आता पाण्याचं. इथे मला जी गोष्ट सापडली तिने खरंच उडाले. जपान आणि चीनकडच्या बेकऱ्यांचे ते कापसासारखे पाव असतात ना, त्यांची युक्ती म्हणजे आपली उकड! थोडा मैदा पाच पट दुधात किंवा पाण्यात आधी शिजवून घ्यायचा आणि ती पेस्ट उरलेल्या पिठात मिसळायची. ते तिला तांगझोंग म्हणतात. पीठ असं शिजलं की त्यातला स्टार्च भरपूर पाणी धरून ठेवतो, म्हणून पाव दुसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही. मोदकाची पारी उकडीमुळे मऊ राहते, हे तुमच्या आजीला माहीतच आहे. तिला फक्त मैदा सुचला नव्हता.

तर आठ बनसाठी ३०० ग्रॅम मैदा घ्या. त्यातला २५ ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे, १२५ मिली दुधात गुठळी न होता कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. चमचा फिरवल्यावर भांड्याचा तळ दिसायला लागला की उतरवा, पार कोमट होऊ द्या. उरलेल्या मैद्यात ५ ग्रॅम यीस्ट (दीड छोटा चमचा), २५ ग्रॅम साखर, एक छोटा चमचा मीठ, ही उकड आणि सुमारे ९० मिली कोमट दूध. सगळं एकत्र झालं की ३० ग्रॅम मऊ बटर. पीठ हाताला चिकटेल. चिकटू दे. इथे घाबरून वर मैदा भुरभुरलात की बन घट्ट झालाच म्हणून समजा.

आणि तिंबा. कणीक मळतो तसं चार मिनिटं नाही, चांगली पंधरा मिनिटं. ओट्यावर ताणा, दुमडा, पुन्हा ताणा. आधी चिकट असलेलं पीठ हळूहळू एकसंध होत जातं. छोटा तुकडा बोटांनी पसरला आणि न फाटता आरपार उजेड दिसला, म्हणजे जाळं तयार झालं.

आमचा तिसरा प्रयत्न ज्या रविवारी झाला, त्याच्या दोन दिवस आधी एका रूममेटचा राज्यसेवा पूर्वचा निकाल आला होता. थोडक्यात गेली होती. दुसऱ्यांदा. दोन दिवस ती पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. 'होईल पुढच्या वेळी' हे वाक्य आम्ही दोघी प्रत्येकी तीनदा बोलून चुकलो होतो, त्यामुळे तेही संपलं होतं. त्या संध्याकाळी मी पिठाचं भांडं तिच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "माझा हात दुखतोय." ती उठली. वीस मिनिटं तिंबत होती. पीठ केव्हाच तयार झालं होतं, मला दिसत होतं. मी काही बोलले नाही.

पीठ फुगेपर्यंत सारण करा. बटाटेवड्याचंच, त्यात शहाणपणा नको : तीन-चार उकडलेले बटाटे, आलं-लसूण-मिरचीचा ठेचा, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, भरपूर कोथिंबीर. मटार स्वस्त असतील तेव्हा मटार-करंजीचं सारण यात झकास लागतं. ज्यांच्या घरमालकांची हरकत नसेल त्यांनी खिमा. काहीही भरा, पण ते कोरडं आणि पूर्ण गार हवं. गरम सारणाने पीठ आतून ओलं होतं आणि तळ फाटतो. कांदा घालणार असाल तर त्याचं पाणी आटेपर्यंत परता. सारणाला चव जरा चढी ठेवा, कारण भोवतीचा पाव गोडसर असतो.

फुगलेलं पीठ दाबून हवा काढा, आठ गोळे करा. भरायचं तंत्र पुरणपोळीच्या उंड्याचं आहे. वाटी करताना मध्ये जाड, कडा पातळ. सारण ठेवून कडा वर गोळा करा, चिमटीत पक्क्या दाबा, जोड खाली. डब्यात एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवा. दुसऱ्यांदा फुगले की ते एकमेकांना चिकटतात आणि चिकटलेली बाजू भाजून कडक होत नाही. लादी पाव लादीत का भाजतात, ते आलं लक्षात? हे दुसरं फुगणं अर्धा-पाऊण तास. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला तर तयार. वरून दूध लावा.

ओव्हन असेल तर आधी तापवून १८० अंशांवर १८ ते २० मिनिटं. नसेल तर रडू नका, आमच्याकडेही नव्हता. जुनी जाड कढई, तळाला मिठाचा थर, त्यावर कुकरमधली जाळी, घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवायची, मग डबा आत आणि आच मंद. २५ ते ३० मिनिटं. नवी नॉनस्टिक कढई यासाठी वापरू नका, घरून ओरडा बसेल. कढईतले बन वरून पांढरे राहतात, हे खरं आहे. तव्यावर बटर टाका, बन उलटा करून मिनिटभर शेका, रंग येतो. बाहेर काढल्या काढल्या वर बटर लावून दहा मिनिटं सुती कापडाने झाका. आतली वाफ वरचा पापुद्रा मऊ करते. ही दहा मिनिटं सगळ्यात अवघड.

खर्च म्हणाल, तर सगळे आठ मिळून दोन वडापाव आणि दोन चहाच्या आसपास. उरले तर बटाटा आहे म्हणून रात्री फ्रिजमध्ये टाका. फ्रिजमध्ये पाव लवकर शिळा होतो, तेव्हा सकाळी तव्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. परत नीट होतो. उन्हाळ्यात बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी खाऊ नका.

त्या रविवारी साडेनऊला आम्ही तिघी गॅसशेजारी जमिनीवर बसून खाल्लं. तीन बन फुटले होते, त्यांतला बटाटा डब्याला लागला होता, तोही खरवडून खाल्ला. रूममेटने पहिला बन संपवला, दुसरा हातात घेतला आणि म्हणाली, "सारणात मीठ कमी आहे."

दोन दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य.

एक बन डब्यात घालून काकूंना नेऊन दिला. अंड्याचं शपथेवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, आत चार बेसनाचे लाडू आणि निरोप : "पुढच्या रविवारी करणार असाल तर आमचा ओव्हन पडून आहे. मुलाने अमेरिकेला जाताना ठेवलाय, मला तो लावता येत नाही."