रांगत्या लेकराची सोय काय?

चाकूर तालुक्यात सोयाबीनची काढणी लागली की बाया दिवस उगवायलाच रानात. लेकरू बाभळीच्या झोळीत, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर; मग तिची शाळा बुडते. अंगणवाडीत बसवून शिकवतात तिनापुढच्यांना, धाकट्यांना घरपोच आहार तेवढा. कोसबाडला ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी अन् शाळा एकत्रच चालवली. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानेही कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं असली की सांभाळायला एक बाई, तिला मजुरी, अशी तरतूद केली होती. रांगत्याला पाटी नको. रोज तीच ओळखीची मावशी, निजायला सावली, रांगायला स्वच्छ सतरंजी हवी. सुगीपुरती समाजमंदिराची खोली उघडायला ग्रामपंचायतीची काय हरकत?