रीळ, नळ आणि पेटंटचा करार

पेटंट हा राज्य आणि संशोधक यांच्यातील एक करार असतो. संशोधकाने आपल्या वस्तूची रचना इतक्या तपशिलाने उघड करायची की त्या विषयातील जाणकाराला केवळ वर्णन वाचून ती वस्तू घडवता यावी, आणि त्या मोबदल्यात राज्याने त्याला ठरावीक मुदतीपर्यंत, म्हणजे आज बहुतेक देशांत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे, इतरांना ती वस्तू बनवण्यास व विकण्यास मनाई करण्याचा हक्क द्यायचा, असे त्याचे स्वरूप आहे. पेटंटच्या कागदपत्राचे मुख्य भाग दोन: पहिल्यात रचनेचे वर्णन आणि आकृत्या असतात, तर दुसऱ्यात ‘दावे’, म्हणजे संशोधक नेमक्या कोणत्या गोष्टीवर हक्क सांगतो त्याची क्रमांकित वाक्ये असतात, आणि पुढे तंटा झालाच तर न्यायालय या दाव्यांतील एकेक शब्द तपासते. वस्तू नवी आहे का, जाणकाराला ती सहज सुचण्याजोगी नव्हती ना आणि तिचा काही उपयोग आहे का, एवढेच अमेरिकेचा आजचा कायदा विचारतो. तो उपयोग कोणाच्या हिताचा, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणूनच मोरीतील नळ आणि जुगारगृहातील स्लॉट मशीन ही दोन्ही एकाच कचेरीत, एकाच नमुन्याच्या कागदावर नोंदली जातात. दोहोंचा इतिहास शेजारी ठेवून वाचला की एक फरक ठळक होतो: घरगुती उपकरणांतील चांगले शोध माणसाच्या कृतीचा आणि तिच्या परिणामाचा संबंध अधिक सरळ करत गेले, तर स्लॉट मशीनमधील सर्वांत फलदायी शोधाने डोळ्यांना दिसणारे आणि प्रत्यक्ष घडणारे यांतील संबंध तोडून टाकला.

घरगुती बाजूची सुरुवात अलेक्झांडर कमिंग यांच्यापासून करणे योग्य ठरते. लंडनमध्ये घड्याळे बनवणाऱ्या या स्कॉटिश कारागिराने १७७५ साली पाण्याच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. त्याआधीच्या, पाणी सोडून धुण्याच्या शौचकूपांची अडचण अशी होती की भांड्यातून मैला वाहून गेला तरी खालच्या नळीतून दुर्गंधी थेट घरात येई. कमिंग यांनी भांड्याखालची नळी इंग्रजी एस अक्षरासारखी वळवली, त्यामुळे प्रत्येक वापरानंतर थोडे पाणी त्या वळणात साचून राहू लागले आणि गटारातील हवेची वाट त्या पाण्यानेच अडवली. या अडसराला कोणताही हलणारा भाग लागत नाही, तेलपाणी लागत नाही आणि दर वापरागणिक त्यातील पाणी आपोआप बदलते. कमिंग यांच्या रचनेतील कच्चा दुवा होता तो भांड्याच्या तळाशी बसवलेली सरकती झडप, कारण ती घट्ट बसून अडकत असे. जोसेफ ब्रामा या लाकूडकाम करणाऱ्या आणि असे शौचकूप बसवणाऱ्या कारागिराने १७७८ साली तिच्या जागी बिजागरीची झडप बसवून स्वतःचे पेटंट मिळवले. ब्रामांची झडप पुढे मागे पडली, कमिंग यांचे वळण मात्र टिकले. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत प्लंबर ज्याला न्हाणी ट्रॅप म्हणतात त्यात हेच तत्त्व असते, आणि आपल्याकडील बांधकामाच्या नियमांना अपेक्षित असलेला सुमारे ५० मिलिमीटर उंचीचा पाण्याचा थर हा त्याचाच वारसा आहे. घर महिनाभर बंद राहिले की त्या वळणातील पाणी उडून जाते, वास येऊ लागतो आणि तांब्याभर पाणी ओतताच तो थांबतो. यंत्रणा कशी चालते, कुठे बिघडते आणि काय केले की सुधारते, हे वापरणाऱ्याला कोणाला न विचारता कळते.

नळाची कथा अधिक अलीकडची आहे. जुन्या पद्धतीच्या नळात चावी फिरवली की आट्यांचा दांडा खाली सरकतो आणि त्याच्या टोकाचा वॉशर पाण्याच्या वाटेवर दाबला जातो. गरम आणि थंड पाण्यासाठी अशा दोन चाव्या असल्या की हव्या त्या उष्णतेचे पाणी मिळवण्यासाठी दोन्ही हातांनी अंदाज बांधत बसावे लागते. अमेरिकेतील आल्फ्रेड मोएन यांनी १९३७ च्या सुमारास, विद्यार्थी असताना, अशाच नळाच्या कढत पाण्याने हात भाजल्यावर एका दांड्याच्या नळाचा विचार सुरू केला आणि अनेक रचना टाकून दिल्यानंतर त्यांचा नळ १९४७ साली बाजारात आला. त्याच काळात लँडिस पेरी यांनी निराळा मार्ग धरला. त्यांच्या नळात खाचा पाडलेला एक पोकळ गोळा असतो आणि तो गरम व थंड पाण्याच्या दोन तोंडांवर टेकलेला असतो. दांडा उचलला की खाचा त्या तोंडांवर येऊन प्रवाह वाढतो आणि दांडा डावीउजवीकडे वळवला की दोन्ही पाण्यांचे प्रमाण बदलते. पेरी यांना १९५२ साली पेटंट मिळाले, त्याचे हक्क आर्मेनियन वंशाचे उद्योजक अ‍ॅलेक्स मनुगियन यांनी घेतले आणि १९५४ साली ‘डेल्टा’ या नावाने तो नळ विक्रीस आणला. प्रवाह आणि उष्णता या दोन स्वतंत्र राशी हाताच्या दोन स्वतंत्र हालचालींना जोडून देणे, हे या शोधाचे सार होय.

स्लॉट मशीनचा आरंभही अशाच उघड यंत्रविद्येतून झाला. बव्हेरियात जन्मलेले आणि सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झालेले यंत्रकारागीर चार्ल्स फे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लिबर्टी बेल’ हे यंत्र बनवले. त्यात तीन रिळे, म्हणजे कडेवर चित्रे छापलेली चक्रे होती; नाणे टाकून दांडा ओढला की ती फिरत, एकामागून एक थांबत आणि तिन्हींवर घंटेचे चित्र एका रेषेत आले की सर्वांत मोठे बक्षीस मिळे. प्रत्येक रिळावर १० थांबे असल्याने एकूण जुळण्या १० गुणिले १० गुणिले १०, म्हणजे १,००० होत. त्यामुळे काचेआड दिसणारी चित्रे चिकाटीने मोजणाऱ्या कोणालाही जिंकण्याची शक्यता काढता येत असे. जुगाराविषयीचे मत काहीही असो, त्या यंत्राने दाखवलेली चित्रे आणि त्यात दडलेले गणित एकच होते, हे मान्य करावे लागते.

ही एकरूपता धंद्याला मात्र अडचणीची ठरली. रिळावर २२ थांबे ठेवले आणि प्रत्येक रिळावर मोठ्या बक्षिसाचे चित्र एकदाच छापले, तर ते तिन्हींवर एकदम येण्याची शक्यता १०,६४८ त एक इतकी असते; अशा यंत्रावर एका डॉलरच्या डावाला त्याहून मोठे बक्षीस लावले की मालकाचा तोटा ठरलेलाच. बक्षीस वाढवायचे तर रिळांचा घेर वाढवायचा किंवा चौथे-पाचवे रीळ घालायचे, एवढेच उपाय उरत, आणि मोठी यंत्रे पाहूनच लोक बिचकत, कारण त्यांवर जिंकणे कठीण हे त्यांना दिसत असे. या कोंडीवरचा उपाय मूळचे नॉर्वेचे असलेले अमेरिकन संशोधक इंगे टेलनेस यांनी काढला. त्यांनी १९८२ साली अर्ज केला आणि १५ मे १९८४ रोजी त्यांना अमेरिकेचे ४४,४८,४१९ क्रमांकाचे पेटंट मिळाले.

टेलनेस यांच्या रचनेत रिळे कुठे थांबणार हे रिळे ठरवत नाहीत. यंत्रातील संगणक प्रत्येक रिळासाठी एक यादृच्छिक संख्या, म्हणजे ज्यात पुढची कोणती येईल हे सांगता येत नाही अशा क्रमातील एक संख्या निवडतो. या संख्यांचा पल्ला थांब्यांच्या संख्येपेक्षा मोठा असतो आणि कोणत्या संख्येला कोणता थांबा हे स्मृतीत साठवलेला एक तक्ता ठरवतो. रिळावर २२ थांबे असतील आणि संख्या १ ते ६४ असतील, तर काही थांब्यांच्या वाट्याला अनेक संख्या येतात आणि मोठ्या बक्षिसाच्या चित्राला केवळ एक देता येते. मग तिन्ही रिळांवर ते चित्र येण्याची शक्यता ६४ चा घन, म्हणजे २,६२,१४४ त एक इतकी उतरते, तर काचेपलीकडची रिळे पाहणाऱ्याला ती १०,६४८ त एक असल्याचेच भासत राहते. हा भास अनवधानाने राहून गेलेला नाही: प्रत्यक्ष शक्यतेपेक्षा अधिक शक्यता खेळणाऱ्याला जाणवली पाहिजे, हे उद्दिष्ट पेटंटच्या वर्णनातच स्पष्ट मांडले आहे.

या तक्त्यातून आणखी एक गोष्ट साधता येते. बक्षिसाच्या चित्राला एक संख्या आणि त्याच्या वरच्या व खालच्या रिकाम्या थांब्यांना समजा प्रत्येकी पाच संख्या दिल्या, तर ते चित्र रेषेवर एकदा येईल तेवढ्या काळात रेषेच्या अगदी लगत दहा वेळा येऊन थांबेल. साध्या रिळावर हे प्रमाण एकास दोन असते. ‘थोडक्यात हुकले’ ही भावना अशी संख्यावाटपातून निर्माण करता येते, आणि हुकणारा माणूस बहुधा पुन्हा नाणे टाकतो. डाव हरल्यावर मुद्दाम हुकलेली चित्रे दाखवण्याची एका कंपनीची निराळी पद्धत नेव्हाडाच्या नियामकांनी १९८९ साली अमान्य केली, पण तक्त्यामुळे आपोआप घडणारे हुकणे त्यांनी चालू दिले. नियमाच्या भाषेत या दोहोंत भेद करता येतो. नाणे टाकणाऱ्याच्या बाजूने पाहता तो फारच पुसट आहे.

अशा वस्तूला पेटंट मिळावे का, हा वाद अमेरिकेत जुना आहे. न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी १८१७ साली ‘उपयुक्त’ या शब्दाचा अर्थ लावताना समाजाच्या नीतीला आणि हिताला घातक असलेले शोध त्यातून वगळले होते, आणि त्या विचाराला धरून १८८९ साली दारूच्या गुत्त्यांत पैजा लावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या खेळण्यातल्या घोडदौडीचे पेटंट न्यायालयाने निरर्थक ठरवले. पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने १९७७ साली ही भूमिका सोडली आणि केवळ जुगाराचे यंत्र आहे म्हणून अर्ज नाकारता येणार नाही असा निर्णय दिला. टेलनेस यांचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला होता. पुढे १९९९ साली सरबताच्या एका यंत्राचा खटला संघीय अपील न्यायालयात आला. त्या यंत्रावरील पारदर्शक भांड्यात सरबत घुसळताना दिसे, पण गिऱ्हाइकाच्या पेल्यात पडणारे सरबत मात्र दुसऱ्याच ठिकाणी पाक आणि पाणी मिसळून तयार होई. एखादी वस्तू दुसरीसारखी भासवणे हाही उपयोगच आहे आणि फसवणुकीचा बंदोबस्त करण्यास इतर कायदे व इतर खाती आहेत, असे म्हणत न्यायालयाने त्या पेटंटाची उपयुक्तता मान्य केली. हा निर्णय कायद्याच्या तर्कात बसतो, पण त्यातील गृहीतक तपासायला हवे: इतर खाती आपले काम करतील या भरवशावर पेटंटची संस्था आपले डोळे मिटून घेते.

टेलनेस यांच्या पेटंटचे हक्क पुढे आयजीटी या मोठ्या उत्पादक कंपनीकडे गेले आणि १९९९ सालीच डब्ल्यूएमएस गेमिंग या दुसऱ्या उत्पादक कंपनीशी झालेल्या तिच्या खटल्याने पेटंटविद्येत कायमची जागा मिळवली. डब्ल्यूएमएसच्या यंत्रात प्रत्येक रिळासाठी वेगळी संख्या निवडण्याऐवजी आधी बक्षीस ठरे आणि त्याला जुळणारी रिळांची स्थिती नंतर निवडली जाई. न्यायालयाने दाव्यातील शब्दांचा थेट भंग झालेला नाही असे ठरवले, परंतु फरक क्षुल्लक असल्याने तुल्यतेच्या तत्त्वानुसार भंग झालाच, असा निष्कर्ष काढला. शिवाय दाव्यामागची रचना म्हणजे साधा संगणक नसून वर्णनात दिलेल्या रीतीने चालवलेला विशिष्ट संगणक होय, हे सूत्र घालून दिले. ज्या संगणकीय दाव्यांत साधन केवळ त्याच्या कार्यावरून सांगितलेले असते, अशा सर्व क्षेत्रांतील दाव्यांना जुगाराच्या यंत्राविषयीचे हे सूत्र आज लागू केले जाते.

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने निराळा मार्ग धरला आहे. त्याच्या कलम ३ मध्ये सार्वजनिक सुव्यवस्थेला वा नीतिमत्तेला बाधक ठरू शकणारा वापर हे नकाराचे कारण मानले आहे, आणि खेळ खेळण्याची निव्वळ पद्धत हा शोधच नव्हे असे स्वतंत्रपणे म्हटले आहे. मात्र पेटंट न देणे आणि यंत्र न चालणे या वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंविषयी केलेला कायदा कधीही अंमलात आणला नाही आणि २०२३ साली तो रद्द केला. गोव्याने मात्र १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना वाट करून दिली.

टेलनेस यांच्या पेटंटची मुदत २००२ साली संपली आणि तेव्हापासून ती रचना कोणाही उत्पादकाला विनामूल्य वापरता येते. वर्णन, आकृत्या आणि तक्त्याची रीत हे सारे सार्वजनिक दप्तरात आहे, म्हणजे करारातील उघड करण्याची अट पुरी झाली आहे. पण ती यंत्र बनवणाऱ्यांपुरती, यंत्रासमोर बसणाऱ्यांपुरती नव्हे. ब्रिटनमध्ये जुगाराच्या यंत्रावर सरासरी किती टक्के रक्कम परत मिळते हे दाखवणे बंधनकारक आहे, आणि ही चांगली सुरुवात असली तरी त्या टक्केवारीतून मोठ्या बक्षिसाची खरी शक्यता कळत नाही. प्रत्येक चित्राला किती संख्या दिल्या आहेत, हा रिळागणिक तक्ता यंत्राच्या दर्शनी काचेवरच छापला गेला पाहिजे. उत्पादकाजवळ तो तयार असतो, त्याला जागाही फारशी लागत नाही, आणि यंत्रे चालवण्याचा परवाना देणाऱ्या गोव्यासारख्या राज्याला ही अट परवान्यातच घालता येईल.