नारळ कोणाला द्यायचा? : प्रशिक्षक, पराभव आणि कारणाचा शोध

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या मालेत फुटबॉल कुठून आला? लांज्यात कबड्डीला आणि टेनिस बॉल क्रिकेटला जेवढी गर्दी होते तेवढी फुटबॉलला होत नाही, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. तरी हा खेळ आम्ही मुद्दाम निवडला. संघ सारखा हरू लागला की फुटबॉलमध्ये एक ठरलेला विधी पार पडतो. मैदानावर अकरा जण खेळतात आणि नारळ मिळतो बाराव्याला, ज्याने चेंडूला पायही लावलेला नसतो. हा विधी बरोबर की चूक, हे ठरवायचं तर 'कारण' म्हणजे काय या जुन्या प्रश्नाला हात घालावा लागतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. प्रशिक्षक अपयशी आहे ही एक गोष्ट आणि तो नावडता आहे ही दुसरी. आपण बोलताना त्यांची मिसळ करतो. "लोक कंटाळलेत त्याला" असं म्हणतो आणि त्यातच त्याचं अपयश सिद्ध झालं असं धरून चालतो.

उदाहरण आपल्याच मुंबईचं घेऊ. आयएसएलमधल्या मुंबई सिटीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्याच्याआधी, २००७ साली 'मुंबई एफसी' नावाचा क्लब स्थापन झाला आणि तो आय-लीगमध्ये खेळायचा. २००९ पासून सात वर्षं त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील. या सात वर्षांत क्लबने विजेतेपद मिळवलं नाही आणि तो खालच्या श्रेणीतही गेला नाही. पैसा बेताचा, खेळाडू बेताचे, खेळ बचावाचा. लांब चेंडू मारायचा, मागे माणसं ठेवायची, एक गुण पदरात पाडून घ्यायचा. बघणाऱ्याला जांभई येईल असा हा खेळ आहे अशी टीका जमील यांच्यावर कायम होत राहिली. २०१६ मध्ये मुंबई एफसी नऊ संघांत पाचवी आली आणि त्यानंतर क्लब आणि जमील वेगळे झाले.

पुढच्या हंगामात क्लबने संतोष कश्यप यांना आणलं. निकाल बिघडले, तेव्हा हंगामाच्या मध्येच त्यांना काढून स्पेनच्या ऑस्कर ब्रुझोन यांना आणलं. एका वर्षात दोनदा विधी झाला. २०१६-१७ च्या शेवटी मुंबई एफसी दहा संघांत दहावी होती. ती खालच्या श्रेणीत ढकलली गेली आणि त्यानंतर तो संघच बंद पडला.

आणि त्याच हंगामात जमील कुठे होते? मिझोराममध्ये, ऐझॉल एफसीकडे. हा संघ आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. इतर क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली होती. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी करून ऐझॉलने आय-लीग जिंकली. ऐझॉलचे गुण ३७, मोहन बागानचे ३६. ईशान्येकडच्या एखाद्या क्लबने राष्ट्रीय साखळी जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता तुम्ही म्हणाल, झालं की सिद्ध! जमील गेले, मुंबई बुडाली. जमील आले, ऐझॉल तरलं. आपल्या परंपरेत याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. अमुक असताना तमुक असतं, अमुक नसताना तमुक नसतं, म्हणून अमुक हे तमुकचं कारण. युक्तिवाद दिसायला देखणा आहे. पण इथेच थांबायला हवं, कारण जमील यांच्या बाजूने केलेला हा युक्तिवाद आणि त्यांच्या विरुद्ध ओरडणाऱ्या प्रेक्षकाचा युक्तिवाद एकाच जातीचे आहेत. दोघेही आधी प्रशिक्षक बघतात, नंतर निकाल बघतात आणि मध्ये रेघ ओढून मोकळे होतात.

नैयायिकांनी या रेघेवर फार बारकाईने विचार केला आहे. त्यांच्या मते कार्याच्या आधी नियमाने असणं एवढ्याने कारण ठरत नाही. ती गोष्ट 'अन्यथासिद्ध' नसावी लागते. अन्यथासिद्ध म्हणजे, सोप्या भाषेत, जी हजर असते पण जिच्यावाचून अडत नाही. त्यांचं नेहमीचं उदाहरण मडक्याचं आहे. माती, चाक, दांडा, कुंभार ही कारणं. पण दांड्याचा रंग? कुंभाराचा बाप? ज्याच्या पाठीवरून माती आली ते गाढव? हे सगळे मडक्याच्या आधी होतेच. दांडा लाल असला काय, काळा असला काय, मडकं तेच होतं. गाढवाऐवजी माती डोक्यावरून आणली तरी मडकं होतंच. म्हणून गाढव अन्यथासिद्ध.

आता प्रश्न असा विचारायचा : हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक हा कुंभार आहे की गाढव? (गाढव या शब्दात अपमान नाही बरं का, तो शास्त्रातला शब्द आहे. ओझं मात्र तेच वाहतं.)

मुंबई-ऐझॉलच्या गोष्टीत दोन्ही बाजूंनी खुणा सापडतात. जमील ऐझॉलला एकटे गेले नाहीत. जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारखे मुंबई एफसीत खेळलेले खेळाडूही त्या हंगामात ऐझॉलकडे होते. म्हणजे चाकसुद्धा बदललं होतं. आणि ज्या ब्रुझोनना मुंबई वाचवता आली नाही, त्यांनी पुढे बांगलादेशात बसुंधरा किंग्जला लागोपाठ साखळी विजेतेपदं मिळवून दिली. तेव्हा मुंबईत ते नालायक होते आणि ढाक्याला जाऊन लायक झाले असं म्हणायचं का? हंगाम अर्धा उलटल्यावर, दुसऱ्याने निवडलेल्या खेळाडूंसह ते आले. मडकं चाकावर फिरत असताना कुंभार बदलला तर नवा कुंभार काय करणार?

आणखी एक सापळा आहे, तो जास्त फसवा आहे. आपल्याकडे घरोघरी घडतं ते पाहा. मुलाला ताप येतो. लांज्यातल्या डॉक्टरांचं औषध तीन दिवस देतात. ताप हटत नाही, सगळे घाबरतात, चौथ्या दिवशी मुलाला रत्नागिरीला नेतात. पाचव्या दिवशी ताप उतरतो. झालं, रत्नागिरीचा डॉक्टर देवमाणूस! पण साध्या तापांपैकी बरेचसे पाचव्या दिवशी उतरतातच. आपण डॉक्टर बदलतो तो नेमका सगळ्यात वाईट दिवशी, आणि सगळ्यात वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा थोडा बरा असतोच. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडील आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना ही गोष्ट आकड्यांत मांडली : टोकाचं काही घडलं की त्यापुढचं सरासरीकडे झुकतं.

फुटबॉल संघ प्रशिक्षकाला काढतात तेही नेमकं चार-पाच पराभवांच्या तळाशी. नंतर दोन सामने जिंकले की नवा माणूस जादूगार ठरतो. बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञाने १९८६ ते २००४ या काळातल्या नेदरलँड्सच्या साखळीचा अभ्यास केला. त्यांनी युक्ती अशी केली की ज्यांनी प्रशिक्षक काढला त्या संघांच्या शेजारी, तितकेच घसरलेले पण प्रशिक्षक न बदललेले संघ ठेवून पाहिले. सुधारणा दोन्हीकडे झाली होती. काढलेल्यांच्या बाजूला वेगळा असा फायदा दिसला नाही.

म्हणून कधी काढूच नये का? नाही, तसं आम्ही म्हणत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरअखेर चेन्नईयिन एफसी तळाजवळ असताना जॉन ग्रेगरी गेले, ओवेन कॉइल आले आणि तोच संघ त्याच हंगामात अंतिम फेरीत पोचला. वाटेत उपांत्य फेरीत त्यांनी दोन सामने मिळून ६-५ असं हरवलं ते एफसी गोवाला. गोव्याने तर साखळीत अव्वल असताना, २०२० च्या जानेवारीअखेर, सर्जिओ लोबेरा यांना दूर केलं होतं. साखळीतलं पहिलं स्थान त्यांनी तरीही राखलं. म्हणजे एकाने तळाशी असताना बदल केला, दुसऱ्याने शिखरावर असताना. यातून नियम काढायला बसलो तर काकतालीय न्यायच हाती लागेल : कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ. फर्ग्युसन यांचं उदाहरणही असंच वापरलं जातं. मँचेस्टर युनायटेडने त्यांना सुरुवातीच्या वाईट वर्षांत ठेवलं आणि पुढे सोन्याचा काळ आला, हे खरं. पण ज्यांना ठेवलं आणि संघ बुडाला, त्यांची नावं कोणाच्या लक्षात राहतात?

मग ठरवायचं कशावरून? इथे नावडतेपणाकडे परत यावं लागेल. प्रशिक्षक नावडता आहे, तो कोणाला? प्रेक्षकाला, मालकाला की खेळाडूला? हे तीन नावडतेपणे एका तराजूत घालता येत नाहीत. प्रेक्षकाला नावडता असणं ही रुचीची बाब आहे. मालकाला नावडता असणं हा बहुधा पैशाचा किंवा अहंकाराचा विषय असतो. पण खेळाडूंचा विश्वास उडाला असेल तर गोष्ट निराळी होते, कारण प्रशिक्षकाचा शब्द खेळाडूच्या पायापर्यंत पोचतो तो विश्वासाच्याच वाटेने. ती वाट बंद झाली की कुंभाराचा हात चाकापर्यंत पोचत नाही. अशा वेळी त्याची योजना उत्तम असली तरी त्याने जाणं योग्य, आणि ते लवकर व्हावं. खेळाडू ऐकतात, धावतात, सांगितलेली जागा धरतात आणि तरी हरतात, तर दोष दुसरीकडे शोधावा.

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. इगोर स्टिमाच २०१९ पासून भारताचे प्रशिक्षक होते. २०२३ मध्ये त्यांनी सॅफ स्पर्धा जिंकली तेव्हा ते लाडके होते. २०२४ च्या आशियाई चषकात तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ हार झाली, जूनमध्ये कतारकडून हरून विश्वचषकाची वाट बंद झाली आणि काही दिवसांतच त्यांना नारळ मिळाला. मागोमाग भरपाईचा वादही आला. त्यांच्या जागी आले मानोलो मार्केझ. ते त्याच वेळी एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते, आणि हे उदाहरण आम्हाला फार मोलाचं वाटतं. एकच माणूस, एकच डोकं, एकच वर्ष. मे २०२५ मध्ये त्यांच्या गोव्याने सुपर कप जिंकला. जूनमध्ये त्यांचाच भारत हाँगकाँगकडून ०-१ हरला आणि जुलैत ते गेले. भारतासाठी आठ सामन्यांत त्यांचा एकच विजय होता. व्यतिरेक तपासायला इतकी स्वच्छ संधी क्वचित मिळते. प्रशिक्षक तोच ठेवून संघ बदलला तर निकाल बदलतो, असं इथे समोर दिसतं.

आणि मग ऑगस्ट २०२५ मध्ये आले आपले खालिद जमील. महिन्याच्या आत ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ हरवलं, पुढे ओमानला पेनल्टींवर हरवून मध्य आशियाच्या त्या स्पर्धेत तिसरं स्थान घेतलं. कौतुकाला भरतं आलं. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्ड्यात छांगटेच्या गोलने पुढे असलेला भारत सिंगापूरकडून १-२ हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकातून बाहेर गेला. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१ हार झाली. लगेच 'जमील नकोत' सुरू. ताजिकिस्तान ते फातोर्डा हे अंतर जेमतेम सात आठवड्यांचं आहे.

थेट निवडून आलेल्या सरपंचावरसुद्धा आपल्या राज्यात पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. कारण साधं आहे : काम दिसायला वेळ लागतो, आणि आधीच्याने करून ठेवलेलं निस्तरायलाही लागतो. जमील आले तेव्हा या पात्रता गटात भारताचे दोन सामने होऊन गेले होते आणि खात्यात एक गुण होता. शिवाय जुलैतच आयएसएल अनिश्चित काळासाठी लांबणीवर टाकली गेली होती, कारण महासंघ आणि साखळी चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता आणि नव्याचा पत्ता नव्हता. साखळीच नाही तर खेळाडूंना सराव कुठून मिळणार?

इथे मात्र आम्ही नैयायिकांशी थोडं भांडू. कुंभाराचा बाप अन्यथासिद्ध, असं ते म्हणतात. मडक्यापुरतं ते ठीक असेल. पण भारतीय फुटबॉलमध्ये हा बाप जिवंत आहे, माती कधी येणार ते तोच ठरवतो, कुंभारही तोच नेमतो, आणि मडकं फुटलं की गावकऱ्यांबरोबर उभा राहून कुंभाराकडे बोट दाखवतो. दीड वर्षात तीन प्रशिक्षक झाले, त्यात बदलला नाही तो एवढाच घटक. अन्वय बघायचा तर तो इथे बघा.

तेव्हा जमील यांना ठेवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांचा खेळ आवडतो म्हणून नव्हे. मुंबईत कंटाळा आणणारा तो बचाव आता भारताच्या जर्सीत बघायला आम्हालाही सुख वाटत नाही. फातोर्ड्यात पुढे असताना सामना हातून गेला, त्याचा जाबही त्यांना जरूर विचारावा. पण त्यांना एक पूर्ण साखळी हंगाम मिळू द्या, संघ त्यांनी निवडलेला असू द्या, आणि मग मोजा. मधल्या काळात खेळाडूच त्यांचं ऐकेनासे झाले, सांगितलेली जागा सोडून उभे राहू लागले, तर मात्र हंगाम संपायची वाट न बघता त्यांना निरोप द्यावा.